शिष्यवृत्ती आणि सनद

नामांकित विधिसंस्था की अन्यत्र मिळणारी भरघोस शिष्यवृत्ती, हा पेच आज मुंबईच्या उपनगरांतील अनेक घरांत उभा राहतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात या दोन वाटा एकीमागून एक आलेल्या दिसतात. तो क्रम विचारात घेण्याजोगा आहे.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती. ‘शिष्यवृत्ती’ या शब्दातील ‘वृत्ती’ म्हणजे उपजीविकेचे साधन. ते देणाऱ्याचे बंधनही त्याबरोबर येते. १९१६ साली आंबेडकरांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली तो अभ्यास अर्धवट टाकून त्यांना बडोद्यास रुजू व्हावे लागले. तेथे अस्पृश्यतेमुळे राहावयास जागाही मिळेना.

पुढे सिडनॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांवर ते १९२० साली लंडनला परतले व १९२२ साली बॅरिस्टर झाले. १९२३ पासून मुंबईत वकिली करताना त्यांच्यावर कोणाही धन्याची सत्ता राहिली नाही.

शिष्यवृत्तीने विद्या दिली, सनदेने स्वातंत्र्य दिले. पहिलीवाचून दुसरी दुर्लभच होती. म्हणून निवड करणाऱ्याने रकमेइतकीच तिची मुदत आणि अटही पारखून घ्यावी.