रेस वाढवताना गाडीचा आवाज : दोष इंजिनात की चाकात?

अंबरनाथ किंवा बदलापूरमध्ये पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना रेल्वेवरील उड्डाणपुलाचा चढ लागतो. चालक गिअर न बदलता रेस वाढवतो आणि एरवी शांत असलेली गाडी टकटक किंवा घरघर करू लागते. पूल उतरला की आवाज नाहीसा होतो. गॅरेजमध्ये गाडी उभी असते, इंजिनावर भार नसतो, त्यामुळे आवाजही येत नाही. मग अंदाजाने एकेक सुटा भाग बदलला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार!

त्यामुळे गॅरेज गाठण्यापूर्वी एक गोष्ट निश्चित करणे आवश्यक ठरते. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की चाकांच्या वेगाबरोबर? मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरचा वेग कायम ठेवून गाडी एकदा तिसऱ्या आणि एकदा चौथ्या गिअरमध्ये चालवावी. गिअर बदलताच आवाजाची पट्टी बदलली, तर दोष इंजिन किंवा त्याला जोडलेल्या भागांत असण्याची शक्यता अधिक. दोन्ही वेळी आवाज सारखाच राहिला, तर चाकाचे बेअरिंग किंवा टायर तपासावे. बेअरिंगची घरघर रस्त्याच्या वळणावर बहुधा कमी-जास्त होते. उभ्या गाडीत न्यूट्रलवर रेस देऊनही आवाज आला, तर चाकांचा प्रश्नच उरत नाही.

चढावर ऐकू येणारी बारीक, धातूवर धातू आपटल्यासारखी टकटक म्हणजे बहुधा नॉकिंग. सिलिंडरमधील इंधन ठरलेल्या क्षणी शांतपणे जळण्याऐवजी त्याचा काही भाग आपोआप पेट घेतो. वरच्या गिअरमध्ये इंजिनाची दमछाक होईपर्यंत गाडी ओढणे, आत साचलेला कार्बन, चुकलेले इग्निशन टायमिंग किंवा हलक्या प्रतीचे पेट्रोल ही त्याची नेहमीची कारणे. खालचा गिअर टाकताच टकटक थांबली, तर दोष चालकाच्या सवयीचा! पेट्रोल व सीएनजी अशा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांना घरबसल्या एक चाचणी करता येते. सीएनजीचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच अधिक असल्याने गॅसवर नॉकिंग सहसा होत नाही. त्याच पुलावर एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर गाडी चढवावी. फक्त पेट्रोलवरच आवाज आला तर इंधन, कार्बन व टायमिंग यांकडे लक्ष द्यावे. दोन्ही वेळी आला तर दोष यांत्रिक असण्याची शक्यता वाढते. मात्र गॅसवर आचके बसत असतील तर आधी स्पार्क प्लग तपासून घ्यावेत.

या परिसरातील पावसाळा हे आवाजाचे आणखी एक मोठे कारण. २६ जुलै २००५ च्या महापुरात वालधुनी आणि उल्हास या दोन्ही नद्यांनी काठच्या वस्त्यांना वेढले होते. २७ जुलै २०१९ रोजी तर बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसच पुरात अडकली. एवढा पूर दरवर्षी येत नसला, तरी चिखलपाण्यातून गाडी काढणे नित्याचेच आहे. समोरच्या चाकांना फिरवणाऱ्या एक्सलच्या सांध्यावर रबरी बूट असतो. तो फाटला की ग्रीस बाहेर पडते, चिखल आत जातो आणि वळण घेताना रेस दिली की कटकट ऐकू येते. बूट वेळीच बदलला तर काम थोडक्यात भागते. दुर्लक्ष केल्यास पूर्ण सांधा किंवा एक्सल बदलावा लागतो. ओल्या बेल्टची किंचाळी पाणी सुकल्यावर थांबली, तर चिंतेचे कारण नाही. कोरड्या दिवशीही ती ऐकू आली, तर बेल्ट व टेन्शनर पाहावा. पुराच्या पाण्यात बंद पडलेली गाडी मात्र पुन्हा सुरू करून पाहू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो.

गाडी थंड असताना रेस दिल्यावर फटफट आणि गरम झाल्यावर आवाज कमी, हे एक्झॉस्टच्या गळतीचे लक्षण. याकडे केवळ कटकट म्हणून पाहू नये, कारण त्यातून कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो. डिझेल गाडीत शिट्टीसारखा आवाज, घटलेली ताकद आणि काळा धूर एकत्र दिसले, तर टर्बोचा होस सुटला किंवा फाटला असण्याची शक्यता असते. क्लच सोडताना बसणारा दणका अनेकदा इंजिनाच्या झिजलेल्या माउंटिंगमुळे असतो.

खोलवरून येणारा, रेसबरोबर वाढणारा ठोका आणि त्याच वेळी पेटलेला ऑइलचा लाल दिवा दिसल्यास, गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन त्वरित बंद करावे. तेलाचा दाब गेल्यावर बेअरिंग काही मिनिटांत जाऊ शकते. अशी गाडी पुढे चालवत न नेता टोइंगनेच न्यावी.

याउलट, ठरावीक फेऱ्यांवरच ऐकू येणारा आणि मालकाची झोप उडवणारा पत्र्याचा खुळखुळाट पुष्कळदा सायलेन्सरवरील उष्णतारोधक पत्रा सैल झाल्याचा असतो. तो स्टीलच्या साध्या क्लॅम्पनेही आवळता येतो. आवाज गाडी थंड असताना येतो की गरम झाल्यावर, कोणत्या गिअरमध्ये, वळणावर की सरळ रस्त्यावर, हे टिपून मेकॅनिकला सांगावे आणि शक्य असल्यास गाडी उघडण्याआधी त्याला शेजारच्या सीटवर बसवून त्याच पुलावरून एक फेरी मारावी.