दोन बिऱ्हाडांचें घर

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागांत बेडफर्ड-स्टायव्हेसंट नांवाची वस्ती आहे. तेथील एका घराच्या विक्रीची जाहिरात नुकतीच आमच्या वाचनांत आली. तें घर घेण्याचा आमचा विचार नाहीं व ऐपतही नाहीं. परंतु खरेदीखतें, गहाणखतें आणि जाहिराती आम्हांस बखरींइतक्याच वाचनीय वाटतात. या जाहिरातींत तीन गोष्टी अभिमानानें सांगितल्या होत्या : घर ऐतिहासिक आहे, तें दोन बिऱ्हाडांचें आहे, आणि वस्ती नाना वंशांच्या लोकांची आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या खऱ्या कशा झाल्या हें सांगणें दलालाचें काम नव्हे, म्हणून तें आम्ही अंगावर घेतों.

प्रथम घर पाहूं. अशीं घरें तेथें रांगेनें उभीं आहेत. एकाची भिंत दुसऱ्यास लागलेली, रुंदी सुमारें वीस फूट, उंची तीन-चार मजले. रस्त्यावरून दगडी पायऱ्या चढून एकदम दिवाणखान्याच्या मजल्यावर जावयाचें. त्या पायऱ्यांच्या खालच्या अंगास तळमजल्याचें निराळें दार. या पायऱ्यांस तेथील लोक ‘स्टूप’ म्हणतात. शब्द डचांचा आहे. १६६४ साली इंग्रजांनीं डचांपासून तो मुलूख घेतला, राज्य गेलें, भाषा गेली, पण ‘स्टूप’ राहिला. आमच्याकडे घरापुढील ओट्याचें जें काम तेंच त्याचें : संध्याकाळीं टेकावें, आल्यागेल्याची चौकशी करावी, पोरांवर नजर ठेवावी. दर्शनी दगड तांबूस-तपकिरी वालुकाश्म असून तो मुख्यतः कनेक्टिकट संस्थानांतील पोर्टलंड येथील व न्यू जर्सींतील खाणींतून आला. या दगडावरूनच अशा घरांस ‘ब्राउनस्टोन’ म्हणतात. वास्तविक भिंत विटांची, आणि दगड वरून लावलेला कांहीं इंचांचा पदर. त्यांतही घाईनें काम उरकतांना खाणींतील आडवे थर पुष्कळ ठिकाणीं उभे बसविले गेले, त्यांत पाणी शिरलें, आणि श्रीमंतीचे पापुद्रे सुटूं लागले. हीं घरें बहुतांशीं १८७० ते १९०० या काळांतील. १८८३ साली ब्रुकलिनचा पूल झाला, दोन वर्षांनीं खांबांवरून धांवणारी आगगाडी आली, आणि मॅनहॅटनमधील कचेऱ्यांत व पेढ्यांत काम करणाऱ्या गोऱ्या मध्यमवर्गास येथें राहणें सोयीचें झालें.

परंतु ऐतिहासिक म्हणून जें दाखवितात त्याच्याही आधींचा इतिहास जवळच पुरलेला होता. न्यूयॉर्क संस्थानांत गुलामगिरीचा शेवट १८२७ साली झाला. १८३८ मध्यें जेम्स वीक्स नांवाच्या एका स्वतंत्र कृष्णवर्णीयानें या बाजूस जमीन घेतली, व त्याच्या नांवानें वीक्सव्हिल ही कृष्णवर्णीयांची वसाहत उभी राहिली. या जमिनीचें मोल केवळ निवाऱ्याचें नव्हतें. १८२१ च्या राज्यघटनेनें गोऱ्या पुरुषांवरील मालमत्तेची अट काढून टाकली, पण काळ्यास मत द्यावयाचें तर अडीचशें डॉलरांची स्थावर मिळकत हवी, ही अट तशीच ठेविली. म्हणजे घर नाहीं तर मत नाहीं! पुढें वाढत्या शहराच्या रस्त्यांखालीं ही वसाहत इतकी दडून गेली कीं १९६८ साली तिचीं उरलेलीं लाकडी घरें विमानांतून टेहळणी करतांना सांपडलीं.

आतां दुसरें विशेषण. अशा घरांपैकीं पुष्कळ मुळांत एकाच कुटुंबासाठीं, नोकरांच्या खोल्यांसह, बांधलेलीं होतीं. तीं दुहेरी कां झालीं? एक कारण कायद्याचें. १९०१ च्या न्यूयॉर्कच्या कायद्यानें तीन किंवा अधिक बिऱ्हाडांच्या घरास चाळीच्या सदरांत घालून हवा, उजेड, शौचकूप, आगीपासून सुटका यांविषयीं कडक नियम लाविले. दोन बिऱ्हाडांचें घर त्यांतून सुटलें. दुसरें कारण पैशाचें, आणि तेंच मोठें. खालीं आपण राहावें, वर भाडेकरू ठेवावा, आणि त्याच्या भाड्यांतून गहाणाचा हप्ता भागवावा, या युक्तीवर ब्रुकलिनमधील कितीतरी सामान्य माणसें घरमालक झालीं.

ती युक्ति कोणास किती महाग पडली, हा या कथेचा गाभा आहे. १९३० नंतरच्या मंदींत जुने मालक खचले. १९३६ साली फुल्टन रस्त्याखालून भुयारी रेल्वे सुरू झाली आणि हार्लेममधील दाटीला कंटाळलेलीं कृष्णवर्णीय कुटुंबें इकडे येऊं लागलीं. त्याच सुमारास मध्यवर्ती सरकारच्या गृहकर्ज-मंडळानें शहरांचे नकाशे तयार करून मोहल्ल्यांस प्रती लाविल्या. ही वस्ती तांबड्या रंगांत, म्हणजे सर्वांत खालच्या प्रतींत पडली. काळ्यांचें आगमन वस्तीस बाधक आहे, असा शेरा तपासनिसानें दिला. आणि हे लोक वाजवी किंमत देऊन घर घेतात व खोल्या भाड्यानें देतात, हेंही त्यानेंच नमूद केलें. आपल्याच वाक्यांतील विसंगति त्यास दिसली नाहीं. सर्व दोष या नकाशावर घालण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस पुरता मान्य नाहीं. त्या मंडळानें काळ्या घरमालकांसही कर्जें दिलीं होतीं. अधिक खोल घाव घातला तो १९३४ साली निघालेल्या दुसऱ्या खात्यानें, जें खासगी कर्जांस सरकारी हमी देई. त्याच्या १९३८ च्या नियमपुस्तकांत वर्णभेदाच्या अटी खरेदीखतांत असाव्यात अशी शिफारसच होती. अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांनीं करूं नये, असा निकाल वरिष्ठ न्यायालयानें १९४८ साली दिला. हमी मात्र पुढेंही बहुतेक उपनगरांतील गोऱ्यांकडेच वाहत राहिली.

हें वाचतांना आम्हां मराठी वाचकांस परदेशाच्या दोषांवर बोट ठेवण्याचा फारसा अधिकार नाहीं. त्याच न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत १९१३ ते १९१६ शिकलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्यास नोकरीवर आले, तेव्हां त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी नांव सांगून ते एका पारशी उतारगृहांत राहिले, आणि थोड्याच दिवसांत तेथूनही त्यांस हुसकण्यांत आलें. तेथें नकाशा रंगविण्याची गरजच नव्हती.

पेढी कर्ज देत नाहीं म्हणून माणसें घरें घ्यावयाचीं थांबलीं नाहींत. बार्बाडोस व इतर कॅरिबियन बेटांतून आलेल्या कुटुंबांत ‘सूसू’ नांवाची पद्धत होती : ठराविक मंडळींनीं दर हप्त्यास ठराविक रक्कम जमवावयाची आणि पाळीपाळीनें एकेकानें ती उचलावयाची. आमची भिशीच ती! मोलकरणीच्या व कारखान्यांतील मजुरीच्या पैशांतून असे हप्ते भरून स्त्रियांनीं हीं घरें मिळविलीं. बार्बाडोसच्या आईबापांच्या पोटीं ब्रुकलिनमध्यें जन्मलेल्या पॉल मार्शल या लेखिकेची ‘ब्राउन गर्ल, ब्राउनस्टोन्स’ ही १९५९ ची कादंबरी याच ध्यासाची कथा आहे. घर घेण्याच्या हट्टापायीं एका आईच्या संसाराचें काय होतें, हें पाहावयाचें असेल तर वाचकांनीं ती अवश्य वाचावी. कोणतेंही सरकारी दफ्तर तितकें सांगत नाहीं.

इकडे दलालांचा धंदा तेजींत होता. काळे आले, आतां भाव कोसळणार, अशी भीति गोऱ्या मालकास घालून घर स्वस्तांत घ्यावयाचें आणि तेंच काळ्या गिऱ्हाइकास चढ्या भावानें विकावयाचें. असा मालक मग हप्ता भागविण्यासाठीं खोल्यांचे तुकडे करून भाडेकरू भरी, डागडुजी राही, आणि पडक्या घराचा दोष त्याच्याच माथीं बसे. १९६६ च्या फेब्रुवारींत सेनेटर रॉबर्ट केनेडी हे वस्ती पाहण्यास आले. पुढील वर्षीं तेथें पुनरुज्जीवनासाठीं एक मंडळ निघालें, आणि वस्तींतील बेकार तरुणांस हाताशीं धरून घरांच्या दर्शनी भागांची दुरुस्ती झाली. १९६८ साली घरांच्या व्यवहारांतील वर्णभेद कायद्यानें बंद झाला. त्याच वर्षीं शर्ली चिझम या अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहांत निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री येथूनच निवडल्या गेल्या. १९७१ मध्यें स्टायव्हेसंट हाइट्सच्या रस्त्यांस ऐतिहासिक विभागाचा दर्जा मिळाला. ‘ऐतिहासिक’ हें जाहिरातींतील विशेषण या खटपटीचें फळ आहे. पेढ्यांनीं टाकलेलीं घरें ज्यांनीं हप्ते भरभरून उभीं ठेविलीं, त्यांच्या चिकाटीचें तें प्रशस्तिपत्र म्हणावयाचें.

आणि आज त्याच विशेषणामुळें घराची किंमत त्यांच्याच नातवंडांच्या आवाक्याबाहेर गेली आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गोरीं व सधन कुटुंबें परत आलीं. वृद्ध मालकांस फसवून, खोट्या सह्या करून घरें बळकाविण्याचे प्रकार इतके वाढले कीं २०२४ साली न्यूयॉर्क संस्थानास मालकीहक्काच्या अशा अपहारास कायद्यानें चोरी ठरवावें लागलें. ज्यांनीं राजीखुषीनें घर विकलें, त्यांस आम्ही नांवें ठेवणार नाहीं. पुण्याच्या पेठांतील वाडे मोडून सदनिका घेणाऱ्यांनीं तर मुळींच ठेवूं नयेत. आजीच्या सूसूचें चीज झालें, असेंही कोणी म्हणेल.

जाहिरातीच्या शेवटीं मात्र बारीक अक्षरांत एक ओळ आहे. अशा जाहिरातींत ती बहुधा असतेच : घराचा ताबा रिकामा मिळेल. दोन बिऱ्हाडांचें म्हणून ज्याची थोरवी वर गाइली, त्या घराच्या वरच्या मजल्यावरील बिऱ्हाड कोठें गेलें, याविषयीं तींत कांहीं लिहिलेलें नाहीं.