गिअरबॉक्सचे आवाज आणि त्यांची जन्मसालं

"गाडी आवाज करतेय" हे वाक्य आमच्या घरात "पोटात दुखतंय" या वाक्यासारखं वापरलं जातं. म्हणजे त्यातून नेमकं काहीच कळत नाही, आणि काळजी मात्र सगळ्यांना लागते. पालच्या खंडोबाच्या यात्रेला पुण्या-मुंबईहून गाड्या घेऊन येणारे भाऊबंद उंब्रजला पोचले की चहाच्या आधी हेच सांगतात. मग प्रत्येकाचं निदान सुरू. कुणी म्हणतो क्लच गेला, कुणी म्हणतो ऑईल बदल, आणि कुणीतरी म्हणतो, "गिअरबॉक्स उघडावा लागणार!" या शेवटच्या वाक्यानंतर सगळे गप्प होतात, कारण त्या खर्चाचा अंदाज सगळ्यांनाच असतो.

या आवाजांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. वाचता वाचता माझं असं मत झालंय की गिअरबॉक्सचा इतिहास थोडा ठाऊक असेल तर निम्मं निदान बसल्या जागी होतं. त्या लोखंडी पेटीतल्या जवळजवळ प्रत्येक आवाजाला एक जन्मसाल आहे. कुठला आवाज कुठल्या सालातला हे कळलं की तो आजार आहे की स्वभाव, हेही कळतं.

सुरुवात बैलापासून करू. बैल जागेवरून ओझं ओढतो. इंजिनाला ते जमत नाही. ते आधी काही वेगानं फिरत असावं लागतं, तेव्हा कुठे त्याच्यात जोर येतो. त्यामुळे इंजिन जोरात आणि चाक हळू, अशी मध्यस्थी करणारी दातेरी चाकं लागतात, आणि गाडीनं वेग घेतला की ती बदलावी लागतात. १८९१ च्या सुमारास पॅरिसच्या पानार-लव्हासोर कंपनीत एमिल लव्हासोरनं यासाठी जी युक्ती काढली ती पुढे जगभर गेली. दोन समांतर दांडे, त्यांवर लहानमोठी दातेरी चाकं, आणि लिव्हरनं एक चाक सरकवून दुसऱ्याच्या दातांत घुसवायचं. हा प्रकार रानटी आहे पण चालतो, असं काहीसं तो स्वतःच म्हणाला होता म्हणतात.

रानटी का? तर वेगवेगळ्या गतीनं फिरणारी दोन चाकं एकमेकांत घुसवली की 'कर्रर्र' होणारच. ते टाळायला ड्रायव्हरला डबल क्लच मारावा लागे. क्लच दाब, न्यूट्रल कर, क्लच सोड, (खालचा गिअर घ्यायचा असेल तर) अ‍ॅक्सिलरेटर किंचित दे, पुन्हा क्लच दाब, मग गिअर टाक. हे सगळं इंजिनाचा सूर ऐकून. जुने ट्रकवाले आणि एसटीचे चालक घाटात हे इतक्या सहज करत की शेजारी बसलेल्याला कळतही नसे.

दुसरा आवाज त्या दातांच्या आकाराचा. लव्हासोरच्या चाकांचे दाते सरळ होते. सरळ दाता समोरच्या दात्याला पूर्ण रुंदीनं एकदम भिडतो, 'टक्' असा. सेकंदाला असे शेकडो 'टक्' झाले की त्यांची मिळून एक लांब 'ऊंऊंऊं' होते आणि वेगाबरोबर तिचा सूर चढतो. पुढे तिरपे दाते आले. ते एका टोकाकडून हळूहळू भिडतात, म्हणून आवाज कमी. पण तिरपा दाता चाकाला बाजूलाही ढकलतो आणि तो रेटा बेअरिंगवर येतो. त्यावर उपाय म्हणून दोन उलट तिरपे दाते जोडून बाणाच्या टोकासारखी चाकं करत. आंद्रे सित्रोएन आधी अशीच चाकं बनवत असे, आणि सित्रोएन गाड्यांवरची ती दोन बाणाग्रं तिथूनच आलेली आहेत.

आता गंमत बघा. गाडीत रिव्हर्स फार थोडा वेळ वापरायचा, म्हणून बहुतेक गाड्यांत त्याचे दाते अजून सरळच असतात. तुमची नवी कोरी गाडी रिव्हर्समध्ये 'ऊंऊं' करते तेव्हा ती १८९१ सालची भाषा बोलत असते. तो तिचा स्वभाव आहे, आजार नाही. तेवढ्यासाठी गॅरेजला जाऊ नये.

तिसरं साल १८९८. लुई रेनॉल्ट नावाच्या एकवीस वर्षांच्या पोरानं स्वतःच्या छोट्या गाडीत टॉप गिअरला दातेरी चाकांमधून जाणं बंदच केलं. टॉपमध्ये इंजिनाकडून आलेला दांडा थेट पुढच्या दांड्याला जोडायचा, मधली चाकं नुसती मोकळी फिरणार. त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला त्यानं ही गाडी पॅरिसच्या चढावर चढवून दाखवली आणि तिथेच त्याला गिऱ्हाइकं मिळाली. अ‍ॅम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी, जीप आणि मागच्या चाकांवर चालणारे ट्रक या सगळ्यांत ही रेनॉल्टची युक्ती होती. म्हणून जुने मिस्त्री आधी विचारत, "टॉपला आवाज जातो का?" बाकी सगळ्या गिअरमध्ये घरघर आणि टॉपला शांत, तर दोष खालच्या काउंटर शाफ्टच्या बेअरिंगचा किंवा त्याच्या दातांचा असण्याची शक्यता जास्त, कारण टॉपमध्ये त्या शाफ्टवर भारच नसतो. हा प्रश्न विचारणाऱ्या मिस्त्रीला रेनॉल्टचं नावही ठाऊक नसेल, पण १८९८ सालची युक्ती त्यानं बरोबर पकडलेली असे.

चौथं साल १९२८. अमेरिकेत अर्ल थॉम्पसननं काढलेली सिंक्रोमेशची योजना त्या वर्षी कॅडिलॅकच्या गाड्यांत आली. यात दातेरी चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. गिअर टाकताना आधी एक पितळी रिंग त्या चाकाच्या निमुळत्या भागावर घासते, दोघांची गती सारखी करते आणि मगच कुलूप बसतं. म्हणजे ड्रायव्हरचा कान आणि पाय जे काम करत ते आता एका पितळी रिंगेकडे आलं. (याच थॉम्पसननं पुढे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कामाचंही नेतृत्व केलं, म्हणजे त्यानं आधी ड्रायव्हरचा कान काढून घेतला आणि मग डावा पायही.)

आपल्याकडे हे सगळं हप्त्याहप्त्यानं आलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि नंतर पद्मिनी बाहेर पडली. फियाट काय किंवा त्या काळची अ‍ॅम्बॅसेडर काय, वरच्या तीन गिअरना सिंक्रो होता पण पहिल्याला नव्हता. म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही ही शिकवण. आमच्याकडची वडीलधारी मंडळी आजही नव्या गाडीत सिग्नलला पूर्ण थांबून मगच पहिला टाकतात. त्याला हसू नये, त्यांचा हात अजून फियाटमध्ये आहे. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली. तिच्या पुढे जाणाऱ्या चारही गिअरना सिंक्रो होता, आणि डबल क्लच हा शब्द घराघरातून हद्दपार झाला.

मारुतीबरोबर आणखी एक बदल आला. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याला चिकटून आणि जोर पुढच्या चाकांना. या रचनेत रेनॉल्टचा थेट टॉप नसतो, प्रत्येक गिअरला दातांची एक जोडी असतेच. त्यामुळे "टॉपला आवाज जातो का?" ही जुनी परीक्षा या गाड्यांना लागू पडत नाही. जुना नियम नव्या गाडीला लावून चुकीचं निदान होतं ते असं.

मग हल्लीच्या गाडीला काय विचारायचं? माझ्या मते आवाज कुठून येतो हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. लोखंडातून आवाज कुठेही फिरतो आणि माणूस बोट भलतीकडेच दाखवतो. आवाज कधी येतो हे विचारावं.

गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच सोडलेला. घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते? मग गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग संशयित, कारण क्लच दाबल्यावर तो शाफ्ट फिरायचा थांबतो. (डिझेल गाडीत न्यूट्रलची थोडी खडखड इंजिनाच्या हिसक्यांमुळेही असते.) उलट, क्लच दाबल्यावरच किरकिर सुरू होते? मग क्लचचं रिलीज बेअरिंग. इथे एक फरक लक्षात ठेवावा. हे बेअरिंग बदलायलाही बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, पण उघडावा लागत नाही. 'उतरवणं' आणि 'उघडणं' या दोन शब्दांत बराच पैसा आहे.

एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या जोडीचे दाते. एकाच गिअरला टाकताना 'कर्र' होत असेल तर त्याची पितळी रिंग झिजली. तो गिअर १९२८ च्या आधीच्या काळात गेला म्हणायचं! मात्र सगळ्याच गिअरना आणि रिव्हर्सलाही 'कर्र' होत असेल तर आधी क्लच पूर्ण सुटतोय का ते बघावं. गाडी ओढताना एक आवाज आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर दुसरा, तर दात्यांची एक बाजू किंवा तो बाजूचा रेटा झेलणारं बेअरिंग. गाडी सुटताना 'खट्ट' होत असेल तर मागच्या चाकांच्या गाडीत जॉइंट शाफ्टचा क्रॉस, पुढच्या चाकांच्या गाडीत ड्राईव्ह शाफ्टचा जॉइंट किंवा इंजिनाचं माउंटिंग.

आणि वेगाबरोबर वाढणारी, कुठल्याही गिअरमध्ये तशीच राहणारी 'घूं' असेल तर गिअरबॉक्सवर लगेच आळ घेऊ नये. आमच्या एका चुलतभावाच्या गाडीला शहरातल्या एका गॅरेजनं गिअरबॉक्स उघडायला सांगितलं होतं. मसूरच्या रस्त्यावर गाडी डावीकडे वळली की 'घूं' वाढायची, उजवीकडे वळली की कमी व्हायची. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. उजव्या चाकाचं बेअरिंग बदललं आणि विषय संपला.

हे ऐकायला जुने मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हर वापरतात. टोक लोखंडाला, मूठ कानाच्या हाडाला. १८१६ साली पॅरिसमध्ये डॉक्टर लेनेकनं कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला, त्याच घराण्यातली ही युक्ती. आजही मॅन्युअल गिअरबॉक्सचं बेअरिंग खराब झालं तर ते कॉम्प्युटरच्या स्कॅनरवर दिसत नाही. तिथे कानच लागतो. कानानंतर ऑईल. पातळी कमी आहे का, आणि काढलेल्या ऑईलमध्ये काय आहे. पितळी चमक असेल तर रिंगा, लोखंडाचा चुरा असेल तर दाते किंवा बेअरिंग. आणि ऑईल कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलंच घालावं. डिफरन्शियलसाठीचं जहाल गंधकयुक्त ऑईल 'चांगलं आहे' म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतलं तर ते त्या पितळी रिंगाच खातं.

हे सगळं पैशापुरतं असतं तरी लिहिलं असतं, पण आणखी एक आवाज आहे ज्याच्यावर जीव अवलंबून असतो. उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवली की गिअरबॉक्स घुमतो. तो आवाज म्हणजे इंजिन गाडीला मागून धरून आहे. जुन्या ड्रायव्हरना कात्रज आणि खंबाटकी उतरताना तो ऐकू आला की बरं वाटे. आता काचा बंद, एसी चालू, गाणी चालू. तो घुमारा अनेकांना त्रास वाटतो, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारेही आहेत. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात, कात्रजच्या नव्या बोगद्यानंतरच्या उतारावर, नवले पुलाजवळ एका अवजड वाहनानं सुमारे ४८ गाड्यांना धडक दिली. उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडायच्या सवयीची तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. आपली सगळी मंडळी उंब्रजहून परत जाताना याच उतारावरून पुण्यात शिरतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. तिथे गिअर घुमत असेल तर घुमू द्या.

आता विजेच्या गाड्या आल्या. त्यांना बहुधा एकच गिअर, बदलायचं काही नाही. वाटलं होतं की हा सगळा विषयच संपला. पण इंजिनाचा आवाज गेल्यामुळे त्या एकाच गिअरच्या दातांची बारीक 'ऊंऊं' ऐकू यायला लागली, आणि ती कमी करायला आता इंजिनिअर मंडळी खपतायत. म्हणजे लव्हासोरचा आवाज सव्वाशे वर्षांनी पुन्हा दारात.

असो. यंदा यात्रेला याल तेव्हा "गाडी आवाज करतेय" एवढंच सांगू नका. कुठल्या गिअरला, क्लच दाबून की सोडून, चढाला की उताराला, डावीकडे वळताना की उजवीकडे, एवढं बघून या. मिस्त्रीलाही हेच सांगा. मग "उघडावा लागणार" असं म्हणण्याआधी तोही जरा थांबेल, आणि चहा गरम असतानाच पिऊन होईल.