करुणा आणि कुतूहल : बेडलम, स्विफ्ट व मनोरुग्णांचे धर्मादाय रुग्णालय

मनोरुग्णांसाठी स्थापन झालेल्या धर्मादाय रुग्णालयांचा इतिहास हा वैद्यकाप्रमाणेच दानधर्माचा आणि साहित्याचाही इतिहास आहे. लंडनचे बेथलेम रुग्णालय हे त्याचे ठळक उदाहरण होय. १२४७ मध्ये मठ म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेत पंधराव्या शतकाच्या प्रारंभी मनोरुग्ण राहत असल्याची नोंद मिळते. ‘बेडलम’ हे तिच्या नावाचे अपभ्रष्ट रूप पुढे इंग्रजीत गोंधळाचे वाचक झाले. ‘किंग लिअर’मधील एडगर सोंग घेतो ते बेडलमच्या भिकाऱ्याचेच.

१६७६ मध्ये रॉबर्ट हूकने आराखडा केलेल्या मूरफील्ड्स येथील भव्य वास्तूत हे रुग्णालय गेले. त्याचा निर्वाह बव्हंशी दानावर होता; त्यामुळे दारे प्रेक्षकांसाठी खुली ठेवली जात आणि आलेल्यांकडून दानपेटीत काही पडावे अशी अपेक्षा असे. करुणा जागवण्यासाठी मांडलेले दुःख अशा रीतीने करमणुकीचा विषय झाले. विल्यम होगार्थच्या १७३५ च्या चित्रमालिकेतील शेवटच्या चित्रात बेडलम पाहायला आलेल्या दोन उच्चभ्रू स्त्रिया दिसतात. या मुक्त प्रवेशावर १७७० मध्ये निर्बंध आले.

जोनाथन स्विफ्टही आरंभी या प्रेक्षकांपैकीच एक होता. ‘अ टेल ऑफ अ टब’ (१७०४) मधील वेडाविषयीच्या प्रकरणात तो बेडलमच्या रहिवाशांना सैन्यात, न्यायालयात आणि दरबारात नेमण्याची उपरोधिक सूचना करतो. येथे उपहासाचा रोख शहाण्या म्हणवणाऱ्या समाजावर असला, तरी वेडा मनुष्य त्या उपहासाचे केवळ साधन राहतो. १७१४ मध्ये स्विफ्ट बेथलेमचा एक विश्वस्त झाला. १७४० च्या मृत्युपत्राने त्याने आपल्या संपत्तीचा मोठा भाग डब्लिनमध्ये मनोरुग्ण व मतिमंदांसाठी रुग्णालय बांधण्यास दिला. १७३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वतःच्या मृत्यूवरील कवितेतही या दानाचा उल्लेख येतो. तेथेही आयर्लंडला अशा वास्तूची सर्वाधिक गरज आहे, हा टोमणा सुटलेला नाही.

१७४२ मध्ये खुद्द स्विफ्टच विकल बुद्धीचा ठरवला गेला आणि १७४५ मध्ये निधन पावला. सेंट पॅट्रिक्स रुग्णालयास १७४६ मध्ये राजसनद मिळाली व १७५७ मध्ये ते सुरू झाले. निधी अपुरा पडू लागल्याने तेथे पैसे देणारे रुग्णही घेतले गेले; तथापि ही संस्था आजही कार्यरत आहे.

वेडातच अखेर झालेला उपहासकार, ही स्विफ्टची प्रतिमा उत्तरकालीन चरित्रकारांनी रूढ केली. त्याच्या भोवळीचे मूळ कानाच्या विकारात होते, असे आता मानले जाते. शिवाय मृत्युपत्राचे वर्ष पाहता हे दान शुद्धीत व विचारपूर्वक केलेले ठरते. उपहासात्मक लेखन आणि मृत्युपत्र एकत्र वाचल्यास दिसते ते असे की, ज्यांना त्याने रूपक म्हणून वापरले, त्यांच्यासाठी निवारा उभारण्याची जबाबदारीही त्यानेच घेतली. बेडलमचा साहित्यातील वावर अभ्यासताना ही दुसरी बाजू वगळता येत नाही.