भाकरी, उष्मांक आणि बालकांची वाढ : शेवगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील शेवगाव हा अवर्षणप्रवण तालुका असून बाजरी व ज्वारीची भाकरी हा येथील आहाराचा पारंपरिक पाया होय. वजन घटविण्यासाठी भाकरी-पोळी वर्ज्य करण्याचा प्रौढांचा विचार मुलांनाही लागू करावा काय, असा प्रश्न आज उपस्थित होतो. त्याचे उत्तर शोधताना बालपोषणविषयक विचारांचा इतिहास मार्गदर्शक ठरतो.

प्रथिने की उष्मांक? :
इ. स. १९६० च्या दशकात प्रथिनांची कमतरता हेच कुपोषणाचे प्रमुख कारण मानले जात होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९६८ च्या अहवालातही प्रथिनांच्या संकटाचा इशारा होता. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी या मताला आव्हान दिले. मुलांना पोटभर अन्न मिळाले नाही, तर खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून खर्ची पडतात व शरीराच्या बांधणीस उरत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ३६१ उष्मांक व ११.६ ग्रॅम प्रथिने असतात, हे लक्षात घेता या युक्तिवादाचे मर्म स्पष्ट होते.

डॉ. सी. गोपालन व सहकाऱ्यांनी हैदराबादजवळील खेड्यांत एक ते पाच वर्षे वयाच्या मुलांना गव्हाचे पीठ, साखर व तेल यांचा पूरक आहार दिला. त्यातून रोज सुमारे ३१० उष्मांक, परंतु केवळ ३ ग्रॅम प्रथिने मिळत होती. तरीही या मुलांची उंची व वजन इतर मुलांच्या तुलनेत अधिक वाढले. हे निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास, १९७२ च्या दुष्काळात, महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जात होती. पीठ व गूळ यांपासून बनणाऱ्या या खाद्याचे तत्त्व याहून फारसे वेगळे नव्हते.

मर्यादा :
तथापि, केवळ भाकरी पुरेशी आहे असा याचा अर्थ नव्हे. लहान मुलाचे पोट लहान असते; केवळ भाकरीवर त्याची गरज भागत नाही. म्हणून तेल-तूप, डाळ, दूध, अंडी व भाजी यांची जोड आवश्यक ठरते. याच जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात ग्रामीण स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. बालकांचे वजन व आहार यांकडे तेथे सातत्याने लक्ष दिले गेले. दुसरीकडे, अपस्मारग्रस्त बालकांसाठी १९२१ पासून कर्बोदके अत्यल्प असलेला आहार वापरला जात आहे. परंतु तो वैद्यकीय देखरेखीखालील उपचार असून दीर्घकाळ घेतल्यास मुलांची वाढ मंदावू शकते, असे आढळले आहे.

निष्कर्ष :
ज्या भूमीने भाकरीच्या अभावाने खुंटलेले बालपण पाहिले, तेथे मुलांच्या ताटातील भाकरी अविचाराने कमी करणे इतिहासाशी विसंगत ठरते. साखर व तयार खाद्ये कमी करावीत. भाकरी मात्र काढून न घेता तिला पूरक अन्नाची जोड द्यावी, हाच या इतिहासाचा बोध होय.