लांब पायांचा पेंग्विन

पेंग्विन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फच येतो. पण त्यांच्या पूर्वजांचा शोध घ्यायचा तर न्यूझीलंडला जावं लागतं. तिथल्या खडकांमध्ये सहा कोटी वर्षांपूर्वीच्या पेंग्विनांची हाडं सापडली आहेत!

जीवाश्मावरून पेंग्विनाला शास्त्रीय नाव मिळालं ते पहिल्यांदा १८५९ साली. हाड न्यूझीलंडचं, तेही पायाचं एकच. ते वॉल्टर मँटेलने मिळवलं आणि त्याचं बारसं केलं थॉमस हक्स्लीने, लंडनमध्ये. त्या काळी वसाहतींमधल्या कितीतरी वस्तूंचा प्रवास असाच व्हायचा. सापडायच्या एकीकडे, नाव मिळायचं दुसरीकडे.

आता दुसरी गोष्ट ऐका. जानेवारी २००६. हॅमिल्टन शहरातल्या निसर्गप्रेमी मुलांचा एक क्लब सहलीला काफियाच्या खाडीवर गेला होता. जीवाश्म शोधण्यात मुलं गुंतलेली, आणि वालुकाश्मात दिसली हाडं. शंखशिंपल्यांची नव्हेत, चक्क एका राक्षसी पेंग्विनाची! ती तशीच राहिली असती तर समुद्राने हळूहळू झिजवून टाकली असती. मुलांनी आणि सोबतच्या मोठ्यांनी ती नीट जपली.

मग वाट पाहणं आलं. २०१७ साली हा सांगाडा हॅमिल्टनच्याच वायकाटो म्युझियमला देण्यात आला. शास्त्रज्ञांनी त्याचं त्रिमितीय स्कॅनिंग केलं, दुसऱ्या जीवाश्मांशी ताडून पाहिलं, आणि २०२१ साली जाहीर केलं की ही नवीनच जात आहे. वय सुमारे पावणेतीन ते साडेतीन कोटी वर्षं. उभा राहिला तर उंची जवळजवळ १.४ मीटर, म्हणजे आजच्या एम्परर पेंग्विनाहूनही जास्त. नाव ठेवलं काइरुकु वाएवाएरोआ. माओरी भाषेत वाएवाए म्हणजे पाय आणि रोआ म्हणजे लांब. जीवाश्माची त्रिमितीय छापील प्रतिकृती त्या क्लबलाही भेट मिळाली.

मला यातलं सगळ्यात काय आवडलं असेल, तर हेच. हाड तिथलं, शोधणारी मुलं तिथली, म्युझियम तिथलं आणि नावही तिथल्याच मातीतलं. १८५९ पासून इथवर यायला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

आणि ती मुलं? २००६ साली दहा वर्षांचं असलेलं पोर २०२१ मध्ये पंचवीस वर्षांचं झालं असणार. नोकरीबिकरीच्या धावपळीत एके दिवशी बातमी येते, तुम्हाला सापडलेलं ते खरंच नवीन होतं म्हणून. कसं वाटलं असेल!

असो. घरातल्या पोरांनी खिसे भरून दगड आणले, तर फेकून देण्याआधी एकदा नीट बघा. पेंग्विन नाही निघणार, पण त्यांनी काहीतरी पाहिलेलं असतं.