रुंद गाळ्याचें दार

कल्याणहून नाणेघाटाकडे जाणारी जुनी वाट मुरबाडवरून जाते. घाटमाथ्याच्या लेण्यांत सातवाहनांचा लेख आहे, तेव्हां या वाटेनें सुमारें दोन हजार वर्षें माल चढला आणि उतरला. वाटेच्या दोहों अंगांस सागाचें आणि ऐनाचें रान. अशा मुलखांत लाकडाला तोटा कसला? तरीसुद्धां जुन्या घरांत ओटी आणि माजघर यांमधला गाळा बहुधा भिंतीनें आवळलेला आणि त्यांत एक ठेंगणें दार, असाच थाट असे. पडदा हें त्याचें एक कारण खरें. पण दुसरें कारण सुताराच्या हिशेबांत आहे.

दाराची झडप दुप्पट रुंद केली म्हणजे तिचें वजन दुप्पट होतेंच. शिवाय तो भार बिजागरीपासून दुप्पट लांब जातो. म्हणून वरच्या बिजागरीवरची ओढ चौपट होते. तुळईचें तर विचारूंच नये. दर फुटावरचा भार तेवढाच ठेवून खांबांतलें अंतर दुप्पट केलें, तर त्याच जाडीची तुळई सोळापट वाकते. जुन्या सुतारानें हें गणित पाटीवर मांडलें नसेल, परंतु त्याच्या हाताला तें ठाऊक होतें. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १७३० सालीं घातला गेला. त्याच्या दिल्ली दरवाजाला दोन अवजड झडपा आहेत, आणि रोजच्या जाण्यायेण्यासाठीं एका झडपेंतच लहानशी दिंडी ठेवलेली आहे. मोठें दार क्वचित् हालावें, लहान दार रोज हालावें, ही युक्ति. बाजारपेठेंतल्या दुकानदारानें तर झडपच टाकून दिली. खांचेंत एकामागून एक सरकवायच्या फळ्या, प्रत्येकीवर आंकडा; सगळा गाळा उघडा आणि बिजागरीवर भार शून्य!

काचेच्या दाराचें कूळ निराळें. फ्रान्समध्यें व्हर्सायच्या राजवाड्यांत १६७८ ते १६८४ या काळांत आरसेमहाल बांधला गेला. त्याच्या बागेकडील बाजूस सतरा उंच खिडक्या, आणि समोर तेवढ्याच आरशांच्या कमानी. जमिनीपर्यंत उतरलेल्या अशा दुझडपी खिडकीलाच पुढें फ्रेंच दार म्हणूं लागले. इंग्लंडांत काचेवरची जकात १८४५ सालीं उठली आणि काच स्वस्त झाली. इकडे आगगाडी १८५४ सालीं कल्याणला पोचली. त्यापुढें मुरबाडपर्यंत मात्र बैलगाडी, आणि खडबडीत वाटेवर गवतांत गुंडाळलेलीं तावदानें शाबूत पोचणें हें दैवाधीनच.

रुंद गाळ्यांत असें दार बसवावयाचें तर मार्ग दोन. चार झडपा करून जोडीजोडीनें घडी घालणें, हा दिसावयास देखणा. परंतु कडेच्या बिजागरीवर दोन झडपांचा भार येतो आणि लौकरच खालचा कोपरा फरशी घासूं लागतो. दुसरा अधिक शहाणपणाचा: दोहों बाजूंस काचेचीं स्थिर अंगें, मध्यें चार-साडेचार फुटांचें दुझडपी दार आणि वर तावदानांची पट्टी. चौकट गाळ्याच्या मापाबरहुकूम करूं नये, कारण जुने खांब ओळंब्यांत क्वचितच सांपडतात. ती बोटभर लहान करावी, ओळंब्यानें उभी करावी, उरलेली फट पाचरींनीं भरून वरून पट्टी मारावी. तुळईला चौकटीवर टेकूं देणें हें सर्वांत मोठें अज्ञान. तुळई वाकली कीं दार अडकलें आणि तावदान तडकलें. पावसाळ्यांत लाकूड आडवें फुगतें, त्यासाठीं झडपांमध्यें थोडी फट हवीच. काचेच्या दारांत लाकडाच्या पट्ट्या अरुंद असल्यामुळें फळीच्या दारापेक्षां हा त्रास पुष्कळ कमी.

आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. १८७८ च्या कायद्यानें राखीव रानें वाढलीं, आणि ठाणें जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या उठल्या कीं १८८५ सालीं मुंबई सरकारास जंगल कमिशन नेमावें लागलें. रानाशेजारच्या कुणब्याला आणि ठाकराला साग परका झाला. काचेच्या दाराला फळीच्या दारापेक्षां लाकूड थोडें लागतें. पण काचेला रोख पैसा लागे, म्हणून हें दार आधीं शिरलें तें सरकारी बंगल्यांत आणि सावकाराच्या दिवाणखान्यांत.

माजघरापर्यंत तें फार उशिरां आलें. जेथें दिवसां धान्य निवडतांना खडा दिसत नसे, सुईंत दोरा ओंवावयास बाईला मागच्या पडवींत यावें लागे, त्या खोलींत उजेड यावयास कायदा लागला नाहीं कीं चळवळ लागली नाहीं. ओटीकडच्या भिंतींतून दोन हात माती काढावी लागली, आणि घरांतल्या वडीलधाऱ्या पुरुषाची संमति.